जस्ताचा बिल्ला

भूत, शाप, तळतळाट... कुवेतमधल्या एका मेटल टेस्टिंग लॅबमध्ये काम करते मी. असलं काही ऐकलं की मला हसू यायचं. आता येत नाही.

माझा धाकटा दीर प्रसाद मिरकाबला राहतो. जुन्या युद्धांतल्या वस्तू ऑनलाइन घ्यायच्या आणि विकायच्या, हा त्याचा नाद. एका शुक्रवारी आमच्याकडे, सबाह अल-सालेमला, जेवायला आला तो खिशात एक बिल्ला घेऊनच. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाच्या गळ्यातला.

"वहिनी, खरा की खोटा तेवढं सांगा."

भिंगाखाली धरला. अंडाकृती, जस्ताचा. आकडे एकेक करून हातोडीने ठोकलेले, जरा वाकडेतिकडे — नकली बिल्ल्यांवर ते बहुतेक मशीनसारखे एकसारखे असतात. पांढरा गंज आकड्यांच्या तळापर्यंत मुरलेला, भोकांत माती. मधोमध आडव्या तीन फटी, वर आणि खाली तोच नंबर.

"खरा आहे," मी म्हटलं. "सैनिक मेला की फटींवरून मोडायचे. वरचा तुकडा प्रेताबरोबर, खालचा कचेरीत. हा अख्खाच मातीतून निघालाय... म्हणजे त्याच्या घरी बहुतेक कुणी कळवलंच नाही. तो कोण होता हे सांगणारं एवढंच उरलंय. जपून ठेव."

"मोडला तर दोन गिऱ्हाइकं होतील," असं म्हणून त्याने माझ्यासमोर पकडीने कटकन मोडला.

सोमवारी बँकेत त्याने बताका काढला — इथलं ओळखपत्र. मधोमध आडव्या तीन फटी. काउंटरवर ठेवताच दोन तुकडे. मग लायसन्स. मग घरी ड्रॉवरमधल्या पासपोर्टचं फोटोचं पान. त्याच ड्रॉवरमधल्या रसिकाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, कार्डांवर ओरखडाही नाही. तुकडे मी मायक्रोस्कोपखाली पाहिले. पात्याची खूण नाही, उष्णतेची नाही.

मग एका संध्याकाळी दोघं घरी आले. प्रसादने शर्ट वर केला. छातीखाली तीन लाल रेघा, आडव्या, एका ओळीत.

"आता माझी पाळी, वहिनी."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोन्ही तुकडे युद्धातल्या बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या जर्मनीतल्या कचेरीला कुरियर केले. त्यानंतर काही तुटलं नाही. रेघा मात्र राहिल्या. त्वचेच्या डॉक्टरांना भाजल्याचं, ॲलर्जीचं काहीच सापडलं नाही.

"परत दिलं ना आपण?" रसिका म्हणाली. "मग अजून राग कसला?"

"माफ केलं असतं तर रेघा गेल्या असत्या," प्रसाद म्हणाला. "तो फक्त थांबलाय."

हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या आग्रहावरून रेघा पुन्हा पाहिल्या. मधली किंचित लांब झालीय. मी त्याला म्हटलं, आहेत तशाच आहेत.