दिगंबररावांचं दाताचं यंत्र

दिगंबररावांना कन्नड येत नाही असं कुणी म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. वीस वर्षांहून अधिक काळ म्हैसूरला काढलेला माणूस. कुवेंपुनगरातला भाजीवाला, रिक्षावाला, बँकेतला शिपाई, सगळ्यांशी ते ठणठणीत कन्नडमध्ये बोलत. फक्त ते बोलू लागले की समोरचा हळूच इंग्रजीत शिरे, आणि ही त्याची शहरी हौस आहे असं दिगंबरराव समजत.

नोकरी संपली आणि घरात एकच विषय उरला. मुलगा यशोधन पुण्यात स्थिरावला होता, आईवडिलांसाठी त्यानं आपल्याच सोसायटीत फ्लॅट पाहून ठेवला होता. विभावरीताईंचा जीव तिकडे ओढत होता. दिगंबररावांचा मात्र इथून पाय निघेना. हिनकलच्या पुढे, हुणसूर रस्त्यापासून आत, त्यांची एक एकर जमीन पडून होती, आणि तिच्यात काहीतरी करून दाखवायचं हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

ते काहीतरी सुचवलं खंडोजीरावांनी. खंडोजीराव म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचे टांगे होते, शिवाय मुलांना घोड्यावर बसायला शिकवण्याचा छोटा तबेला होता.

"इथं सगळे भाताचा पेंढा घालतात, साहेब," ते म्हणाले होते. "त्यानं घोड्याचं पोट भरतं, अंग धरत नाही. चांगलं गवत लांबून ट्रकनं येतं, त्यात निम्मं बुरशीचं. तुम्ही हिरवंगार वाळवून द्या, मी घेतो. संक्रांतीच्या आत एक खेप दाखवा."

दिगंबररावांनी घोड्यांना मानवणारं गवत पेरलं. ते कमरेएवढं झालं. विभावरीताईंनी तेव्हाच सांगून टाकलं, "ही एक खेप. खंडोजीरावांनी ठेवून घेतली तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. परत पाठवली, तर तुम्ही मुकाट्यानं सामान बांधायचं."

"कबूल," दिगंबरराव म्हणाले.

एका एकरासाठी कोरी यंत्रं घेणं म्हणजे उंदीर मारायला तोफ. म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला. हुणसूरकडच्या एका शेतकऱ्यानं शेती सोडली होती, त्याच्याकडून मागे चालत ढकलायचं कापणीयंत्र मिळालं. पात्याला धार लावली, तेल पाजलं, ते गुरगुरत चालू लागलं. राहिलं गठ्ठे बांधायचं यंत्र. ते श्रीरंगपट्टणच्या बाजूला सत्यनारायण नावाच्या जुन्या अवजारांच्या व्यापाऱ्याच्या आवारात सापडलं. दिगंबररावांनी पट्टे ताणून पाहिले, बेअरिंगला हात लावून ते तापतं का ते पाहिलं, आणि पेंढा आत घालून सुतळीनं आवळलेला गोल गठ्ठा बाहेर पडेपर्यंत जागचे हलले नाहीत.

शेजारी आणखी एक विचित्र अवजार उभं होतं. चार मोठी चाकं आणि प्रत्येक चाकाभोवती वाकड्या तारांचे दात.

"हेही घ्या, सार. गवताला लागतं," सत्यनारायण म्हणाला.

"छे, छे! बेडा, बेडा!" दिगंबररावांनी हात झटकले. नको, नको. गठ्ठ्यांच्या यंत्राचं घरी जाऊन फोननं कळवतो म्हणाले.

घरी येऊन, विभावरीताईंना ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी फोन लावला. "सत्यनारायण अवरे, आ हल्लु मशीन कळिसि!" ते यंत्र पाठवा.

"हल्लु?" पलीकडून आश्चर्य. "हल्लु मशीन बेका, सार?"

"हौदु, हौदु! हल्लु!" हो म्हणताना दिगंबररावांचा आवाज आणखी चढला.

"झालं," ते फोन ठेवत म्हणाले. "गठ्ठ्यांचं यंत्र परवा टेंपोनं पाठवतोय."

यंत्र येणार या भरवशावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्धा एकर गवत आडवं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी विभावरीताई डबा घेऊन शेतावर आल्या. सोबत शेजारच्या तुंगाक्का होत्या. तुंगाक्कांचं घराणं म्हैसूरला इतकं जुनं की त्यांचं मराठी अर्ध्या वाटेत कन्नड होऊन जाई. तेवढ्यात टेंपो आला, आणि त्यातून उतरली ती चार चाकं, दात विचकून.

दिगंबरराव बघतच राहिले. "हे कशाला आणलं? मी गवताचं यंत्र सांगितलं होतं."

"काय म्हणून सांगितलात?" तुंगाक्कांनी विचारलं.

"हल्लु मशीन!"

तुंगाक्कांनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. "अय्यो देवा! हल्लु म्हणजे दात हो! गवत म्हणजे हुल्लु. हु... ल्लु! त्यानं दातांचं मशीन पाठवलं, अल्वा, हो ना? कवळी नाही पाठवली हे नशीब समजा."

दिगंबररावांनी घाईघाईनं फोन लावला. गठ्ठ्यांचं यंत्र सकाळीच मद्दूरच्या माणसानं नेलं होतं. सत्यनारायण बापडा म्हणाला, "तुम्हीच विचार बदललात असं वाटलं, सार. मी दोनदा विचारलं."

दिगंबरराव बांधावर बसले. समोर कापलेलं गवत पडलेलं, संक्रांत तोंडावर, आणि बांधायला काही नाही. पुण्याच्या फ्लॅटची बाल्कनी त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागली.

विभावरीताई गवतात शिरल्या होत्या. त्यांनी एक मूठ उचलली, वरून पाहिली, खालून पाहिली.

"अहो, हे असंच बांधणार होतात?"

"पेंढा बांधतात की तसाच."

"पेंढा उभाच वाळलेला असतो हो! हे वरून खुळखुळतंय आणि खालून ओलं गच्च आहे. कुरडया मी एकाच अंगानं वाळवते का? उलटायला नको?"

दिगंबररावांनी गवताकडे पाहिलं. मग दातांकडे पाहिलं. मग पुन्हा गवताकडे.

शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर मागून आणला आणि ते अवजार मागे जोडलं. ट्रॅक्टर चालू लागला तशी चारही चाकं आपसूक फिरू लागली आणि गवत हलकेच उचलून, उलटून, एका ओळीत रचत गेली. तुंगाक्का म्हणाल्या, "केस विंचरल्यासारखं करतंय, नोडी, बघा!" दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटलं. रंग हिरवाच राहिला आणि शेतभर गोडसर वास सुटला.

बांधायचं कसं, हा प्रश्न होताच. विभावरीताईंनी पदर खोचला. फलटणजवळच्या त्यांच्या माहेरी लहानपणी त्यांनी कडब्याच्या पेंढ्या बांधल्या होत्या. मूठभर गवताला पीळ देऊन त्याचाच दोर केला, त्यानं पेंढी आवळली, टोक आत खोचलं. हात विसरले नव्हते. दिगंबरराव शिकले, तुंगाक्काही शिकल्या.

"पुण्याला निघालेली बाई बघा, कशी बसली आहे गवतात," तुंगाक्कांनी टोमणा मारला.

"तुम्ही पेंढी सैल बांधता आहात, तिकडे बघा आधी," विभावरीताई म्हणाल्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी टेंपो खंडोजीरावांच्या तबेल्यात गेला. खंडोजीरावांनी एक काडी मोडून पाहिली, पेंढीत कोपरापर्यंत हात घातला, आतलं गवत काढून हुंगलं. मग ती मूठ एका तांबड्या घोडीपुढे धरली. घोडीनं ती संपवली आणि मान लांब करून टेंपोवरच्या पेंढीला तोंड घातलं.

"उतरवून घ्या सगळं," खंडोजीरावांनी माणसांना हाक दिली. मग म्हणाले, "खरं सांगू, साहेब? तुम्ही गोल गठ्ठे आणणार ऐकून मला धाकधूक होती. ओलं गवत यंत्रानं आवळलं की आत तापतं, बुरशी धरते. मी एक फाडून पाहिला असता आणि सगळे परत पाठवले असते."

दिगंबररावांनी विभावरीताईंकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही.

संक्रांतीच्या दिवशी तुंगाक्का एळ्ळू-बेल्ला, म्हणजे इकडचे तीळ-गूळ घेऊन आल्या, विभावरीताईंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. दिगंबरराव फोन हातात घेऊन घुटमळत होते. सत्यनारायणाकडे गठ्ठ्यांचं दुसरं जुनं यंत्र आलं होतं. वाळलेलं गवत आवळायला आता हरकत नव्हती, आणि उरलेला अर्धा एकर कापायचा होता.

"इकडे द्या तो फोन," विभावरीताई म्हणाल्या. त्यांनी तुंगाक्कांकडे पाहून ओठांचा चंबू केला, मनातल्या मनात एकदा घोकलं आणि मग स्पष्ट आवाजात बोलल्या, "सत्यनारायण अवरे, हुल्लु. हुल्लु मशीन. हल्लु आमच्याकडे आहेत."