फुल पँटीच्या आतल्या पट्ट्या

आमच्या लग्नानंतरची पहिली भांडणं पट्ट्यांवरून झाली. पोलिसांना तेव्हा खाकी हाफ पँट असायची आणि तिच्याखाली घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरीच्या लांबलचक पट्ट्या घट्ट गुंडाळाव्या लागायच्या. पट्टीच्या टोकाला नाडी, ती गुडघ्याखाली बांधायची. संध्याकाळी घरी आल्यावर हे त्या पट्ट्या सोडत आणि तशाच ओटीवर टाकून देत. त्या झटकून, वाळवून पुन्हा त्यांची गुंडाळी करायचं काम, का कोण जाणे, माझ्याकडे आलं. मी शाळेत मास्तरीण. दिवसभर पोरांना शिस्त लावून यायचं आणि घरी नवऱ्याच्या घामट पट्ट्या वळायच्या, हे मला मुळीच मान्य नव्हतं.

"तुझा हात बसलाय गो," हे म्हणायचे.

हात बसला होता हे खरं, पण कामाला हात बसला म्हणून ते काम आपलं होत नाही, असं मी त्यांना सुनवायची. सुनवत सुनवत गुंडाळीही करायची.

नवरा ट्रॅफिकला असला की काय काय होतं, ते मी घरातच शिकले. सकाळी इस्त्रीचा पांढरा रुमाल द्यावा, तर संध्याकाळी तो चुलीतून काढल्यासारखा परत येई. धूर पोटात जातो म्हणून हे जेवणानंतर गुळाचा खडा तोंडात टाकत; धुरावर त्याचा काही उपयोग व्हायचा की नाही देवाला ठाऊक, माझा गूळ मात्र महिन्याच्या आत संपायचा. दिवसभर हॉर्न ऐकून कान इतके बधिर झालेले की घरातही हे ओरडूनच बोलत. आमच्याकडे कुठली भाजी झालीय आणि ती कशी बिघडलीय, हे सगळ्या पोलीस लाईनीला कळत असे. आणि पाणी? ड्युटीवर असताना हे पाण्याचा घोट घेत नसत. घेतलं तर जायचं कुठे? चौकाच्या मधोमध उभ्या माणसाला आडोसा कसला मिळणार! त्यातून एकदा मूतखडा झाला. महिनाभर मी कुळथाचं कढण पाजलं आणि वर रोज बोलणीही खायला घातली. खडा नेमका कशानं पडला, यावर आमचं आजही एकमत नाही.

इकडेतिकडे बदल्या होत होत आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर महाडला आलो. यांना हायवेचा चौक मिळाला. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या, पोलादपूरकडून येणारे ट्रक, एस.टी., पाचाडच्या भाताच्या पेंढ्याच्या बैलगाड्या, सगळं तिथे एकमेकांत घुसायचं. आंबेनळी घाट उतरून आलेल्या ट्रकांच्या ब्रेकचा जळका वास यांच्या शर्टाला येई. पण हे खूश होते. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीला महाड म्हणजे बाजाराचं गाव. बदलीची बातमी कळल्यावर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निरोप पाठवला की येत्या वीस मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, मी तळ्यावर येणार, तेव्हा पोराला चौकात बघणार.

दिवाळीच्या सुमारास पोलिसांना फुल पँट आली. पट्ट्या गेल्या! पोलीस लाईनीतल्या आम्ही बायका इतक्या हरखलो की एकीनं चक्क पुरणपोळ्या केल्या. जुन्या पट्ट्या भांडारात जमा झाल्या. यांच्याकडे एक जादा जोडी होती, तिनं मी अंथरुणाच्या वळकट्या बांधायला लागले. लोकरीची पट्टी त्या कामाला फार छान.

मग यांचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी बूट काढताना हे दात-ओठ खात. पोटरीवरच्या शिरा निळ्याजांभळ्या, गाठी पडलेल्या. मी म्हटलं, वय झालं. हे म्हणाले, बूट नवे आहेत. जानेवारीत एका सायकलवाल्याचं पेडल उजव्या घोट्याला लागलं, बोराएवढी जखम झाली. ती भरेना. हळद झाली, मलम झालं, एरंडाचं पान झालं. जखम रुपयाएवढी झाली तेव्हा मी यांना अक्षरशः ओढत सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोन्ही पाय निरखून पाहिले आणि सांगितलं, "उभं राहून राहून शिरा निकामी झाल्यात. रक्त खाली उतरतं ते वर चढत नाही. जखम भरायची तर उभं राहणं बंद. मी चिठ्ठी देतो, बसून करायचं काम मागा."

"चिठ्ठी नको," हे म्हणाले.

"पाय हवाय ना?"

"पाय हवाय. चिठ्ठी नको."

घरी आल्यावर मी यांना फैलावर घेतलं. चिठ्ठी दिली की ठाण्यात टपालावर बसवणार, पंख्याखाली, त्यात वाईट काय? एरवी ओरडणारा माणूस इतक्या हळू बोलला की मीच पुढे सरकले.

"माझ्या आज्याला या गावात तळ्याचं पाणी नाय पिऊ दिलं. बाबा वाडीवरनं इथं बाजाराला यायचा तो रस्त्याच्या कडंकडंनं. आता मी हात वर केला की मोटारी थांबतात, कोणाची का असंना. बाबाला ते एकदा बघायचं हाय. मार्च होऊ दे, मग तू म्हणशील तिथं बसतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडू आलं, ते मी यांना दिसू दिलं नाही. पण मार्चला सहा-सात आठवडे होते आणि जखम तर दिवसादिवसाला वाढत होती. पाय सडला तर चौक तर जाईलच, पायही जाईल, या काळजीनं माझी झोप उडाली.

उपाय सापडला तो माझ्या आळसातून. एका सकाळी जखम बांधायची कापडी पट्टी धुवायची राहून गेली होती. यांना तर उशीर झालेला. मी वळकटीची लोकरी पट्टी सोडली, जखमेवर स्वच्छ फडकं ठेवलं आणि उजव्या पायाला वरपर्यंत गुंडाळून दिली. वरून फुल पँट. कोणाला दिसतंय?

संध्याकाळी पट्टी सोडली आणि मी बघतच राहिले. डावा पाय नेहमीसारखा भोपळा, आणि उजवा, जखमेचा पाय, सडपातळ! मी यांना खाटेवर बसवून दोन्ही पोटऱ्या शिवणाच्या टेपनं मोजल्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम डाव्याला बांधली, उजवा मोकळा ठेवला. संध्याकाळी उजवा भोपळा. मग मी फळ्यावर गणित सुटल्यावर टाळी वाजवते तशी टाळी वाजवली. इतकी वर्षं आम्ही ज्या पट्ट्यांना शिव्या घातल्या, त्यांनीच शिरा दाबून धरल्या होत्या!

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "बाई, मोठ्या हॉस्पिटलात असंच घट्ट बांधतात. चालू ठेवा. रात्री पाय उशीवर. आणि जखम रोज धुवा."

त्या दिवसापासून रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी जमिनीवर बसून नवऱ्याच्या दोन्ही पायांना पट्ट्या बांधू लागले. यांना वाकवत नव्हतं. पट्ट्यांनी पोटऱ्या जाड दिसायच्या, पँट तट्ट बसायची. यांचे जोडीदार विचारत, "काय, वहिनी तूप वाढतायत वाटतं?" हे मिशीत हसत. जखम कडेनं भरत आली. सगळं सुरळीत चाललंय म्हणेपर्यंत मार्चच्या बंदोबस्ताआधी मोठ्या साहेबांची पाहणी लागली.

गणवेशात नसलेली वस्तू अंगावर सापडली तर काय होतं, हे लाईनीतल्या पोरांनाही माहीत होतं. कारण विचारणार, पाय दिसणार, दवाखान्यात पाठवणार, आणि वीस मार्चला हे टपालावर. "आजच्या दिवस सोडा पट्ट्या," मी म्हटलं. पण तास-दोन तास उन्हात ताठ उभं राहायचं होतं. जखम पुन्हा उघडेल म्हणून यांनीच नको म्हटलं.

परेडचं मैदान आमच्या लाईनीसमोरच. आम्ही बायका खिडक्यांना चिकटून उभ्या. साहेब निवृत्तीला आलेले, पांढऱ्या मिशांचे, जुन्या वळणाचे. एकेकाचं बक्कल बघत ते यांच्यापाशी आले आणि थांबले. छडीनं पोटरीवर टकटक केलं. "पँट वर घ्या."

माझ्या हातातली फणी खाली पडली.

यांनी पँट वर घेतली. खाली जुन्या काळच्या खाकी पट्ट्या! साहेब वाकून बघत राहिले. मग त्यांचा आवाज आमच्या खिडकीपर्यंत आला.

"ही काय पद्धत? दोन्ही पायांना एकाच दिशेनं? डाव्या पायाची गाठ आतल्या बाजूला आलीय! गाठ बाहेर पाहिजे, बाहेर! कोणी शिकवलं तुम्हाला?"

"साहेब, घरात बांधून देतात," हे म्हणाले.

आता ती चूक माझी. मी उजव्या हाताची, दोन्ही पायांना एकाच वळणानं बांधत होते. दुसऱ्या पायाला उलट्या बाजूनं बांधायचं असतं हे मला कोण सांगणार? लाजेनं मी खिडकीखाली बसले. साहेबांनी जखम पाहिली, कारण विचारलं, यांनी सांगून टाकलं. मग त्यांनी स्वतःच्या पँटीवरून पोटरी चोळली आणि म्हणाले, "मलाही त्रास आहे. बांधा. पण बांधायच्या तर नीट बांधा." आणि पुढच्या माणसाचं बक्कल बघायला गेले.

त्या संध्याकाळी यांनी मला तासभर कवायत शिकवली. मी आयुष्यात एवढी बोलणी कधी खाल्ली नव्हती.

वीस मार्चला सकाळपासून चौकात माणूस मावत नव्हता. मुंबईचे ट्रक, गावोगावच्या एस.टी., पांढऱ्या साड्या, निळे झेंडे. हे मध्ये उभे, बाह्या पांढऱ्याशुभ्र, दोन्ही गाठी बाहेरच्या बाजूला. मी रस्त्याच्या कडेला पोळी-भाजीचा डबा घेऊन थांबले होते. दुपारी वाडीचा ट्रक आला आणि मामंजी उतरले, धुवट धोतर, हातात काठी. मी पाया पडले. यांनी आमच्या बाजूच्या गाड्या आधीच अडवून माणसं सोडली होती. ती पलीकडे गेली, अडवलेल्या गाड्याही सुटल्या, रस्ता क्षणभर अगदी मोकळा झाला.

"चला मामंजी, रस्ता रिकामा आहे तोवर जाऊ."

"नाय गो," ते म्हणाले. "रिकाम्या रस्त्यानं नाय जायाचं. गाडी येऊ दे."

आम्ही उन्हात उभे राहिलो. मुंबईकडून एक मोटार आली, तिच्यामागे एस.टी., तिच्यामागे मालाचा ट्रक. यांनी आमच्याकडे पाहिलं. मग शिट्टी वाजवली आणि हात वर केला. तिन्ही गाड्या थांबल्या. मामंजी रस्त्यावर उतरले. काठी त्यांनी माझ्याकडे दिली होती. ते रस्त्याच्या बरोबर मधून, कोणाकडे न बघता, घाई न करता चालत गेले, आणि ते पलीकडे पोचेपर्यंत यांनी हात खाली घेतला नाही.