पाण्याच्या दिवशी विटाळ नाही

आमच्या घरी पाळीचे चार दिवस बाजूला बसायची रीत होती. आम्ही शहराच्या कडेला पडेगावात राहायला आलो, दुष्काळ पडला आणि नळाला आठ दिवसांनी पाणी येऊ लागलं. तेव्हा एरवी मला माठाला हातही लावू न देणाऱ्या सासूबाईंनी रीतच बदलली. पाण्याच्या दिवशी विटाळ नाही! देवाला शिवायचं नाही, पण ड्रम मात्र भरायचे. मी पोटाला ओढणी घट्ट आवळून बादल्या उचलायचे आणि कळ आली की जिन्यावर बसायचे. "हिचं पाण्याच्याच दिवशी बरं दुखतं," असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या.

सहा वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी खरं काय ते सांगितलं. गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर माझ्या पोटात भलतीकडेच रुजलं होतं. जगण्यासाठी ते रक्तवाहिन्या वाढवणारी द्रव्यं सोडत होतं, आणि रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटून ते त्याच्यापर्यंत पोचत होते. मला लगेच कळलं. आमच्याकडे रोज नवी इमारत उठायची आणि मेन लाइनवरून चोरून नळ घ्यायची.

"म्हणजे चोरीची नळजोडणी," मी म्हटलं. "तोडून टाका."

"तोडू. पण कणभर जरी राहिलं, तरी ते पुन्हा जोडून घेतं."

ऑपरेशनची तारीख घेऊन घरी आले. सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "त्या दिवशी पाणी आहे. पुढची घे."

मी पुढची घेतली.