सूट नको, नकाशा हवा

शेख मॅडम गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. महिना झाला त्याला… अजूनही वाटतं, ज्या बाईंशी मी आयुष्यात सगळ्यात जास्त वाद घातला, त्यांच्याइतकं मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही.

श्रीरामपूरच्या आमच्या महाविद्यालयात त्या वाणिज्य शिकवायच्या, मी भूगोल. महाविद्यालयाला स्वतःचे अभ्यासक्रम आखायची मुभा मिळाली आणि त्यातून कुणी विद्यार्थी बाहेर राहू नये म्हणून मॅडमनी आम्हा प्राध्यापकांच्या कार्यशाळा सुरू केल्या. त्यांची रीत एकच. आपला अभ्यासक्रम ज्याला सर्वांत जड जाईल, त्याला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवायचा. चहाच्या वेळी आम्ही कुरकुरायचो, आता पोरं आपल्याला तपासणार म्हणून.

माझ्यासमोर श्रीगोंद्याकडचा विलास बसला. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. मी ऐटीत वाचलं, दृष्टिहीन विद्यार्थ्यांना नकाशाच्या पेपरातून सूट.

"सर, सूट नगं," विलास म्हणाला. "नकाशाबिगर मी भूगोलाचा मास्तर कसा व्हनार?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही मन मोठं केलंत आणि अवघड काम टाळलंत." तेही चारचौघांत… मला चांगलंच झोंबलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमच सुतळी, डिंक आणि मोहरी घेऊन आमच्या विभागात हजर. पुठ्ठ्यावर सुतळीच्या नद्या चिकटल्या, मोहरीची गावं बसली. विलासनं त्यावरून बोटं फिरवली आणि एका जागी थांबला. "म्याडम, श्रीरामपूर प्रवरेच्या दक्षिणेला गेलं की. ते तर उत्तरेला हाय." वीस वर्षं भूगोल शिकवणारा मी शेजारीच उभा होतो, आणि ती मोहरी मीच चिकटवली होती. मॅडमना हसू आवरेना. "आता सूट याला द्यायची, की तुम्हाला?"

त्या वर्षी विलासनं नकाशाचा पेपर सगळ्यांबरोबर दिला. आज तो शाळेत भूगोल शिकवतो.

यंदाची कार्यशाळा मी घेणार आहे. ती बंद पडणार नाही, एवढं मी ठामपणे सांगतो. परवा विलासला फोन करून म्हटलं, "नवा अभ्यासक्रम तयार झालाय. मॅडम असत्या तर खूश झाल्या असत्या."

तो म्हणाला, "न्हाई सर. त्या आदी म्हनल्या असत्या, वाचून दाखवा."

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचू लागलो.