मूल राहत नाही

माझी बायको दुसऱ्यांच्या भिंती खरवडते. नोकरी सरकारी, पण भाडेकरूंनी तिचं नाव 'खरवडबाई' ठेवलंय. जुन्या इमारतींत जायचं, पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं वेष्टण फाटलंय का ते बघायचं, दाराखिडक्यांच्या रंगाचा पापुद्रा काढून तपासणीला पाठवायचा. रंगात शिसं निघालं की दारावर लाल नोटीस लावायची. संध्याकाळी घरी आली की आधी अंघोळ, मग चहा, मग बोलणं. बोलणं हल्ली राहूनच जातं. मी निवृत्त, त्यामुळे चहा माझ्याकडे असतो आणि तो तिला कधीच आवडत नाही.

तिच्या कायद्यात एक मेख आहे. घरात सहा वर्षांच्या आतलं मूल राहत असेल, तर मालकाने रंग काढलाच पाहिजे आणि काम संपेपर्यंत घर रिकामं ठेवलं पाहिजे. मूल नसेल तर आहे त्या रंगावर नवा हात मारला की झालं. आता रिकामं घर एकदा मालकाच्या हाती गेलं, की ते परत मिळेपर्यंत भाडेकरूच्या नाकी नऊ येतात. म्हणून लोक मुलं लपवतात. कोणी शेजारी पाठवतं, कोणी कपाटामागे उभं करतं. बायको आत शिरली की आधी खिडकीची चौकट पाहते. दात येणारी पोरं चौकट चावतात. शिशाचा रंग गोड लागतो. खालच्या कडेवर बारीक दात उमटलेले दिसले की ती लिहून मोकळी होते. मग शिव्या खाते. "तुला पोरबाळ नाही, तुला काय कळणार?" असंही तिला ऐकवतात. नाही आम्हाला मूल, हे खरंच आहे. तिला ते लागतं. मलाही लागतं.

मागच्या वर्षी तिच्या वाट्याला माझ्या थोरल्या बहिणीची इमारत आली. ताईचा मुलगा आणि सून परगावी कामाला, नातू ताईकडे. दीड वर्षाचा, गोलमटोल. आम्ही त्याला ढब्बू म्हणतो. तपासणीची कुणकुण लागताच ताई आमच्याकडे आली.

"हे बघ," ती बायकोला म्हणाली, "नणंद म्हणून आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही."

हे साफ खोटं होतं.

"ढब्बू माझ्याकडे राहतो असं लिहू नकोस. या वयात बिऱ्हाड घेऊन कुठे जाऊ मी?"

"ताई, त्याच्या रक्तात जातंय ते. तोवर त्याला इकडे ठेवा."

"माझ्याशिवाय झोपत नाही तो. आणि आपण सगळे त्याच रंगात वाढलो की! काय झालं आपल्याला?"

"ते कोणी मोजलंच नाही," बायको म्हणाली. "आणि तुमचं घर मला तपासताच येत नाही. नात्यातलं घर दुसऱ्याकडे द्यायचं, असा नियम आहे. माझा सहकारी येईल. तो जे बघेल ते लिहील."

ताई गेल्यावर बायकोने सुस्कारा सोडला. साप मरावा आणि काठीही मोडू नये, तसं झालं होतं. नणंदेशी वाकडं यायला नको आणि पोरगंही वाचेल. नात्यातल्या घराची चौकशी करायलाही नियमाने बंदी होती. काम सुरू व्हायला महिनोन् महिने लागतातच, म्हणून ताईचं घर रिकामं झालं नाही तरी तिला काही वावगं वाटलं नाही. ताई मात्र आमच्याकडे फिरकेनाशी झाली.

एके दिवशी कचेरीत चहा पिताना तो सहकारी आपणहून म्हणाला, "बाई, तुमच्या नणंदेचं काम केलं बरं का. पोरगं माझ्या मांडीवर येऊन बसलं, तरी लिहिलं, मूल राहत नाही. तुमचं घर ते आमचं घर."

भला माणूस. आभाराची वाट पाहत होता बिचारा.

त्या संध्याकाळी बायको अंघोळीला गेली नाही. धुळीच्या कपड्यांनी उंबऱ्यातच बसून राहिली. "माझ्यावर उपकार केलेत त्याने," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. कचेरीत तिच्याशी कोणी धड बोलेना. फेरतपासणी झाली, ढब्बूचं रक्त तपासलं. शिसं भरपूर निघालं. ताईच्या घराला कुलूप लागलं ते अजून आहे. मालक आज-उद्या करतो. ताई आणि ढब्बू आमच्याकडे राहायला आले. ताई बायकोशी अवाक्षर बोलत नसे. "तिला सांग, आमटी अळणी झालीय," असे निरोप माझ्यामार्फत जायचे. आमटी मीच केलेली असायची.

परवा ढब्बूचं रक्त पुन्हा तपासलं. शिसं उतरतंय, डॉक्टर म्हणाले, पण झालेलं नुकसान भरून येत नाही. पोरगं अजून बोलत नाही, ते यामुळेच का, हे कोणीच सांगू शकत नाही. आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलो. ढब्बू बायकोच्या खांद्यावर झोपला होता. ताई थेट तिला म्हणाली,

"तू स्वतः का नाही आलीस गं?"

"नियम होता, ताई."

"मी भांडले असते तुझ्याशी. आयुष्यभर तोंड पाहिलं नसतं तुझं. पण तू लिहिलं असतंस."

बायकोने पोराला जरा वर सरकवून घेतलं.

"हो," ती म्हणाली. "मी लिहिलं असतं."