वरचे सहा दात

संत्रं हातात घेतलं की ती ते एकदा अंगठ्यावर फिरवायची आणि किती दिवस टिकेल त्याचा निकाल द्यायची, "चार दिवस." दुसरं उचलायची. "आठ." तिसरं न फिरवताच बाजूला टाकायची. सालीवर डाग नसायचा, देठ हिरवागार असायचा, पण संध्याकाळी ते फोडलं की आतून नासलेलं निघायचं. पांढुर्ण्याच्या मंडीत छाटणीला, म्हणजे चांगला-नासका माल निवडायला बसणाऱ्या बायका पुष्कळ, पण व्यापारी सकाळी आधी हिला शोधायचे. सगळे तिला नुसतं बाई म्हणत, मीही म्हणायचो.

माझं औषधांचं दुकान मंडीच्या रस्त्यावर आहे. तीस वर्षं तिथे बसलोय आणि खरं सांगायचं तर कंटाळलोय. आमच्या भागात माणूस आजारी पडत नाही, त्याला गॅस होतो. छातीत दुखलं, गॅस. डोकं दुखलं, गॅस. सुनेशी वाजलं तरी गॅसच. गोळ्यांचे डबे भराभर खपतात आणि शेजारच्या फळीवर दात घासायचे ब्रश धूळ खात पडतात. काही न विचारता गोळी काढून देणारा दुकानदार तुमच्याही गावात असेल. आमच्या गावातला तो मी.

छाटणी उरकली की बाई यायची. एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं पदर तोंडावर धरलेला. मला वाटायचं, जुन्या वळणाची आहे, लाजते.

"पोट फुगून राहिलं, भाऊ. थे लाल गोळी दे."

"एकदा डॉक्टरला दाखवा की."

"डाक्टर बी थेच देते. तू तं जवळ आहे."

मग मी गोळी द्यायचो. असं किती वर्षं चाललं ते मला सांगता येईल, पण सांगायची लाज वाटते.

हळूहळू तिचं जेवण सुटत गेलं. भाकर वरणात कुस्करून खायची, तीही अर्धी. साखर निघाली, ती गोळ्यांना दाद देईना. शेवटी लेक नागपूरला घेऊन गेली. परत आल्यावर बाई दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "पोटात नळी टाकली त्यायनं. काई नाई म्हणे. काई नाई तं मंग दुखते काऊन?" मी हसलो. ती हसली नाही.

एकदा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि पदर घसरला. मी तीन हातांवर होतो, तरी वास आला. हिरड्या सुजून लाल झालेल्या, दात हलून तिरपे झालेले, मुळाशी पू. तंबाखू भाजून केलेलं काळं मंजन ती दिवसातून चारदा लावायची, त्याचा थर वर बसलेला. तिनं पिशव्या खाली टाकून घाईनं पदर ओढला. ती लाजत नव्हती, वास झाकत होती, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मी दुकान बंद केलं आणि तिला दवाखान्यात घेऊन गेलो.

दातांची डॉक्टर तिथे फक्त मंगळवारी येते, नशिबानं तोच वार होता. वयानं लहान, पण सकाळपासून तोंडं तपासून तिचा आवाज बसला होता. बाईचं तोंड पाहून ती म्हणाली, "हिरड्यांत पू आहे. तुम्ही दिवसभर थुंकी गिळता, तिच्याबरोबर हे जंतू पोटात जातात. पोटाचं सगळं दुखणं ह्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण साखर आटोक्यात यायला आणि पोटाला जरा आराम पडायला सुरुवात इथूनच करावी लागेल. उरलेले दहाही काढू, खालचे चार आणि वरचे सहा."

बाई खुर्चीतून उठलीच. "खालचे काढा. वरचे नाई."

"का?"

"वरच्या दाताची नस डोयात राहते. माया सासूचे डोये तसेच गेले."

डॉक्टरनं भिंतीवरचं चित्र दाखवलं, नस कुठून कुठे जाते ते बोट ठेवून समजावलं. बाईनं लग्नाची पत्रिका पाहावी तसं ते आदरानं पाहिलं. मग डॉक्टरनं शेवटचा उपाय केला. "बाई, तुम्ही पेटीत एक तरी सडकं संत्रं ठेवता का?"

"संत्र्याले डोये नसते, मॅडम."

तुम्ही हसाल. आम्हीही हसलो. पण बाहेर आल्यावर ती म्हणाली, "डोये गेले तं मले छाटणीत कोण बसू देईन?" नवरा कधीच गेलेला, एकुलती लेक रामाकोना गावात दिलेली. लेकीच्या घरी जाऊन बसायचं नाही, हा तिचा हट्ट, आणि तो तिच्या डोळ्यांवरच उभा होता. मग मला हसू आलं नाही.

खालचे चार निघाले. वरच्या सहांसाठी मी महिनाभर तिच्या मागे लागलो. ती काही ऐकेना, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "डोळ्यांना काही झालं तर माझी जबाबदारी." एवढ्या वर्षांत मी साध्या खोकल्याच्या औषधाचीही हमी दिलेली नाही. बाईनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "एकेक काढीन. दर खेपेले डोये पाहीन."

आणि तसंच झालं. दात काढला की ती तोंडात कापसाचा बोळा धरून थेट दुकानात यायची, पिशवीतलं संत्रं माझ्या हातात द्यायची आणि मला पार मागच्या फळीपाशी उभं करायची. मी ते फिरवून दाखवायचो. बोलता यायचं नाही, म्हणून ती बोटं दाखवायची. पाच. सात. मग ते संत्रं काउंटरवर ठेवायचं आणि दिवस मोजायचे. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय चाललंय? मी म्हणायचो, डोळे तपासतोय. सहा दात, सहा संत्री. पाच तिच्या शब्दाप्रमाणे नासली. सहावं एक दिवस आधीच नासलं, तर म्हणाली, "तुया पंख्याची हवा लागली त्याले."

तीन-चार महिन्यांत तिची साखर उतरली. पोट अगदी बरं झालं असं नाही, पण लाल गोळी सुटली. नुसत्या हिरड्यांनी पूर्ण भाकर खायला लागली. एक दिवस पदर खांद्यावर टाकून ती माझ्यासमोर बोळकं पसरून खळखळून हसली. तिचे ओठ हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी मोतीबिंदू आला.

तिनं आठ दिवस म्हटलेलं संत्रं दुसऱ्याच दिवशी नासलं. तिच्या आधी ते व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. ती दुकानात आली, हातातलं संत्रं दोनदा, तीनदा फिरवलं आणि म्हणाली, "धुकं दिसून राहिलं. सांगत होती मी." तिला राग आला नव्हता. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी सांगितलं, हा वयाचा आणि एवढ्या वर्षांच्या साखरेचा मोतीबिंदू आहे, साधं ऑपरेशन असतं.

"दात काढले. आता डोये बी काढता का?"

पुन्हा महिनाभर मागे लागायचं त्राण माझ्यात नव्हतं. एकदा सांगितलं आणि गप्प बसलो. दातांसाठी दुकान बंद करून गेलो होतो, तसा डोळ्यांसाठी गेलो नाही. ते मला अजून खातं.

मंडीत बोभाटा झाला की वरचे दात काढले आणि बाईचे डोळे गेले. मग दातांच्या डॉक्टरकडे कुणी जाईना. बायका पदर तोंडावर धरून लाल गोळ्या मागायला लागल्या आणि मी देत राहिलो.

बाई रामाकोन्याला लेकीकडे राहायला गेली. महिन्यातून एकदा नातवाचा हात धरून मंडीत जुन्या मैत्रिणींना भेटायला यायची. जाताना माझ्या दुकानाशी थांबायची. "तुया जबाबदारीवर गेले डोये," म्हणायची, आणि लगेच, "जेवला काय?" दर वेळी हीच दोन वाक्यं. यंदा पोळ्याच्या आधी ती गेल्याचा निरोप आला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी छाटणीतली एक बाई दुकानात आली. गाल सुजलेला, एक हात पोटावर, पदर तोंडावर. माझा हात सवयीनं लाल गोळ्यांच्या डब्याकडे गेला.

"गोळी नाई पायजे, भाऊ. दातवाली मॅडम कुठं बसते?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाईनं. आजवर मी आयकलं नाई. मंडीत आली का आमचे एकेकीचे तोंडं उघडून वास घ्यायची. मले म्हणे, वरचे बी काढून घे. डोयाले काई होत नाई. माये तं साखरेनं गेले."

"कधी म्हणाली असं?"

"दर खेपेलेच म्हणे."

मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर निघालो. मंगळवारच होता.