सडकेवरच्या विहिरीचा दोर

भर दुपारी, गिरणीचा बाराचा भोंगा झाला की मला तांब्या दगडावर आपटल्याचा आवाज येतो. हा आवाज रिकाम्या तांब्याचा. भरलेला तांब्या जड वाजतो, रिकामा किणकिणतो. घरातली माणसं म्हणतात, शेजारी कुणीतरी भांडी घासतंय. असेल. मी वाद घालत नाही. पण तो आवाज कुठला, हे मला ठाऊक आहे, आणि तेवढंच इथं लिहायचं आहे.

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. घराण्यातला म्हणजे काय, आमच्या चार वाड्यांत मॅट्रिक झालेलासुद्धा कुणी नव्हता. आम्ही मेंढरांमागं हिंडणारी माणसं. वर्षातले आठ महिने घर घोड्याच्या पाठीवर. तापाच्या साथीत आई-बाप एकाच आठवड्यात गेले आणि मला चुलत्यानं वाढवलं. आम्ही त्याला आप्पा म्हणायचो. त्यानं मला शाळेत घातलं तेव्हा भावकीनं नावं ठेवली. आप्पा म्हणाला, "मेंढरं राखायला कुत्री हायती की. एक पोरगं शिकलं तर काय लांडगा येतोय?"

पुण्याचं कॉलेज संपवून मी सोलापुरात सरकारी खात्यात लागलो. एकोणीसशे तिशीच्या सुरुवातीचा काळ. खात्याचं नाव कागदावर लांबलचक होतं, लोक त्याला सडक-पाणी खातं म्हणत. जिल्ह्यातल्या सडका, सडकेकडेच्या विहिरी आणि त्या सडकांवरून नव्यानं धावू लागलेल्या सर्व्हिस मोटारी, या तिन्हींवर आमची नजर. मोटारमालकानं किती फेऱ्या करायच्या, कुठं थांबायचं, हे परवान्यात लिहिलेलं असे. ते पाळलं जातं का, हे पाहायला आमच्यासारखे तपासनीस. मी शुक्रवार पेठेत खोली घेतली, कोट शिवला, आणि खरं सांगतो, त्या कोटाचा मला माज होता. का नसावा? फुकट मिळालेला नव्हता तो.

त्या वर्षी खात्यानं नारूचं काम हाती घेतलं. आजच्या पोरांना नारू माहीत नाही, आणि त्याला थोडाफार मीही कारण आहे. दुष्काळी मुलखात पायऱ्यांच्या विहिरी फार. माणूस पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो, ओंजळीनं पितो, आणि त्याच्या पायातल्या नारूचं विष पाण्यात उतरतं. पुढच्यानं ते पाणी प्यायलं की वर्षभरानं त्याच्या पायातून दोऱ्यासारखा किडा निघतो. आप्पाच्या पोटऱ्यांवर असे पाच व्रण होते. नारू निघाला की तो काडीला गुंडाळत बसायचा, रोज दोन बोटं, तुटू न देता. लहानपणी मी ती काडी धरून बसलेलो आहे.

तेव्हा पायऱ्या बुजवून तोंडाशी कठडा बांधायचा आणि वर रहाट बसवायचा, हा हुकूम मला मनापासून पटला. अजूनही पटतो.

अक्कलकोटच्या सडकेवर, सोलापूरपासून सात-आठ मैलांवर अशी एक विहीर होती. गाव तिथून कोसभर आत, आसपास एक मेलेली बाभळ सोडली तर सावलीसुद्धा नाही. ती विहीर माझ्या यादीत. पायऱ्या बुजल्यावर प्रश्न आला दोराचा. गावची विहीर असली तर जो तो आपला दोर आणतो. सडकेवरच्या विहिरीला मालक कोण? तोड मी काढली. मोटारींची इंजिनं तापायची, ड्रायव्हर तिथं थांबून पाणी भरायचेच. मी साहेबांना लिहून दिलं, की त्या सडकेच्या मोटारमालकाच्या परवान्यात अट घालावी: विहिरीवर दोर आणि पोहरा त्यानं कायम ठेवावा, वाटसरूंसाठीही. साहेब खूष झाले. एका अटीत सडक, मोटार आणि पाणी तिन्ही बसली. "डोकं आहे तुम्हाला," असं म्हणाले.

महिन्यातून एकदा मी तपासणीला जायचो. जायचो म्हणजे त्याच सर्व्हिस मोटारीतून, पुढच्या बाकावर, ड्रायव्हरशेजारी. विहिरीशी मोटार थांबायची, उतारू पाय मोकळे करायचे. मी कोट झटकून, कठड्याला वळसा घालून रहाटाकडे पाहायचो. दोर रहाटावर, पोहरा पाण्यात. क्लीनर पाणी शेंदत असायचा. मी वहीत लिहायचो, "दोर व पोहरा जागेवर." सही करायचो. सात वेळा लिहिलं मी ते.

आप्पाचा तळ त्या हंगामात अक्कलकोटच्या पलीकडं पडला होता. कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवली होती. फाल्गुनात तो मला भेटायला खोलीवर आला. सगळा चालत, सडक सोडून रानातल्या आडवाटेनं. दारात वहाणा काढल्या, कमरेची दोरी सोडली आणि तांब्या खाली ठेवला. वाटेवरच्या धनगराकडं ही दोरी असतेच. लोकरीची, पीळदार, तांब्याच्या गळ्याला बांधायची. तांब्या आणि दोरी असली की कुठल्याही विहिरीचं पाणी आपलं.

मी हसलो. म्हटलं, "आप्पा, हे ओझं कशाला बाळगतोस अजून? सडकेवर सरकारनं दोर ठेवलाय. पोहरा ठेवलाय. मी स्वतः बघून येतो दर महिन्याला."

"रोज असतुया?"

"रोज. परवान्यात लिवलंय तसं."

"कुणी लिवलंय?"

"मी."

आप्पा माझ्याकडं बघत राहिला. मग पानाची चंची काढत म्हणाला, "मंग काय, साहेबाच्या राज्यात दोरी बांदून फिरलो तर लोकं तुलाच हसतील की." त्यानं ती दोरी गुंडाळली आणि माझ्या खोलीतल्या खुंटीवर, कोटाशेजारी अडकवली. "हितंच ऱ्हाऊ दे. परत आलो की नेईन, न्हाय तर तुज्या लग्नात बैल बांदायला हुईल."

जाताना तांब्या तेवढा घेऊन आल्या आडवाटेनंच गेला.

वैशाखातली गोष्ट. दुपारी चार वाजले असतील. मी कचेरीत होतो. शिपाई आत येऊन म्हणाला, "साहेब, अक्कलकोटची मोटार फाटकाशी उभी हाय. तुमचं मानूस हाय म्हन्त्यात आत."

बाहेर आलो. मोटारीच्या मागच्या बाकावर आप्पा आडवा होता. डोक्याला पटका नाही. मी त्याला तसा उघड्या डोक्यानं कधी पाहिला नव्हता, चटकन ओळख पटली नाही. अंगावरचे कपडे ओले. ड्रायव्हर मुसलमान, वयस्कर, भला माणूस. "साब, बावडी के कठड्याकू टेकके बैठे थे. पानी डाल्या मुंडीपर, थोडा पिलाया. तुमाराच नाव ले रहे."

तशीच मोटार सिव्हिल दवाखान्यात नेली. डॉक्टरनं पाहिलं, ऊन लागलंय म्हणाला, उशीर झालाय म्हणाला. आप्पा मात्र संध्याकाळी शुद्धीवर आला. चांगला बोलला. लोक म्हणतात शेवटचं तसंच असतं.

"लेका, मोटारीत बसलो की रं," तो म्हणाला. "लई मऊ बसायला. फकस्त वास घान येतुया."

मी म्हटलं, "आप्पा, पाणी का नाही प्यालास? वाटेत कुठं थांबला नाहीस?"

"एका मळ्यात मोट चालली हुती. त्यो बाबा म्हनला, पाव्हनं, पानी पिऊन जावा, म्होरं काय न्हाय. मी म्हनलं, म्होरं आमच्या पोराची हीर हाय. तितंच पिनार."

मी पाण्याचं भांडं त्याच्या ओठांशी धरलं.

"दोर नव्हता," आप्पा म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. मेंढरू हरवलं तर कुठं हरवलं हे सांगावं तसा. "पटका सोडला, तांब्या बांदला. पुरंना. पानी दिसत हुतं. माजं त्वांड दिसत हुतं पान्यात. लई वाकलो, तांब्या दगडावर वाजायचा नुसता. पायऱ्या असत्या तर... पर तू बुजवल्यास ते बरं केलंस. नारू वंगाळ."

जरा वेळानं पुन्हा बोलला. "मंग ती मोटार आली. त्या क्लीनर पोरानं बाकाखालनं दोर काडला. पोहरा काडला. चांगला दोर हाय. नवा हाय. मोटारीत ठेवत्यात त्यो, बरं का. तुला ठावं नसंल."

मला ठाऊक नव्हतं. सात वेळा मी त्या विहिरीवर गेलो, सातही वेळा दोर जागेवर होता, कारण सातही वेळा तो माझ्याबरोबरच आला होता. माझ्याच बाकाखाली. मी उतरून कोट झटकेपर्यंत क्लीनर तो रहाटावर घालत होता, आणि मी वळसा घालून येऊन लिहीत होतो की जागेवर आहे.

पहाटे आप्पा गेला. त्याच्या बोचक्यात एक जेन निघालं, खुर्चीवर टाकायचं लोकरीचं आसन. स्वतः लोकर कातून विणून घेतलेलं. तेच द्यायला निघाला होता.

माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या विहिरीवर गेलो. चालत. खुंटीवरची दोरी बरोबर घेतली होती. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सडकेवर चिटपाखरू नाही. रहाट उघडा. वाऱ्यानं तो जरासा फिरायचा आणि करकरायचा, जसं कुणी रिकामाच ओढतंय. रहाटाच्या खांबाला आप्पाचा पटका बांधलेला होता आणि आत लोंबत होता. कुणी सोडला नव्हता. खाली टोकाला तांब्या. वाऱ्यानं हलला की दगडावर वाजायचा.

मी कठड्यावर वाकून पाहिलं. पाण्यात माझं तोंड दिसलं. तांब्याचं बूड आणि पाणी यांच्यामध्ये अंतर किती, ते दोरी सोडून मोजलं. दीड हात. बुजवलेल्या पायऱ्यांची वरची कड भिंतीत अजून दिसत होती. तिथं खालून कुणी वर येत असल्यासारखं ओलं होतं. झिरपा असेल. मी तिथं फार वेळ उभा राहू शकलो नाही. मागं वळून चालू लागलो तरी तांब्या वाजतच होता, म्हणून परत गेलो, पटका तांब्यासकट सोडला आणि काखेत घेतला.

ड्रायव्हरला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "साब, शुरू में बावडीपरच छोड्या था. तीन दिन में दोर गया. मालिक बोले, गाडीमेच रख, साब आते वक्त तो दिखता ना." त्याच्यावर मी रागावू शकलो नाही. त्याच दोरानं त्यानं आप्पाला पाणी पाजलं होतं.

कचेरीत बसून मी अहवाल लिहिला. माझ्या सातही नोंदी खोट्या ठरवल्या. दोर मोटारीबरोबर येत असे, तपासनीसही त्याच मोटारीतून येत असे, म्हणून तपासणीत दोर कायम दिसला. एक वाटसरू मेला. पटक्याला बांधलेला तांब्या आणि पाणी यांत दीड हाताचं अंतर होतं. हे सगळं लिहिलं.

हेडक्लार्क अनुभवी. वाचून चष्मा काढला. "अहो, हे काय लिहून बसलात? ऊन लागून माणूस गेला. वैशाखात रोज जातात. यात तुमची सही कुठून आली?"

"सातही ठिकाणी माझीच आहे."

"मग ती झाकायची की उघडी करायची? नवी नोकरी आहे तुमची. आणि हे दीड हात, दीड हात काय? सरकारला काय करायचंय त्याच्याशी?"

"तेवढंच कमी पडलं," मी म्हटलं. "बाकी सगळं होतं. विहीर होती, पाणी होतं, परवाना होता."

त्यानं चष्मा पुन्हा लावला, कागद परत वाचला. मग म्हणाला, "कोण लागत होते तुमचे?"

मी सांगितलं. त्यानं अहवाल आपल्या हातानं साहेबांकडं नेला.

मला ताकीद मिळाली, पगारवाढ थांबली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चार महिन्यांनी त्या विहिरीच्या रहाटाला लोखंडी साखळी आणि लोखंडी पोहरा आला, साखळीचं टोक खांबात ओतून बसवलेलं, कुणाला नेता येणार नाही असं. मग इतर सडकांवरही तशाच साखळ्या आल्या. नोकरी संपेपर्यंत मी विहिरींची तपासणी पायी केली. खात्यातली पोरं पाठीमागं मला "पायी साहेब" म्हणत. म्हणू देत.

त्या विहिरीवर मी अजून जातो, वर्षातून एकदा, वैशाखात, भर दुपारचा. साखळी जागेवर असते. तरी आप्पाची दोरी मी बरोबर नेतो, त्याचाच तांब्या तिला बांधतो आणि सोडतो. पाण्याला लागण्याआधी, दीड हात वर, तो दगडावर एकदा वाजतो. मी टाळायचा प्रयत्न केला आहे, हात लांब धरून, मधोमध सोडून. तरी वाजतो. मग खाली जातो, बुडतो, जड होतो.

दोरी पुरते. दर वेळी पुरते.